जुन्या शैलीचे पोस्टर: आधी त्या काळाची बंधने शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'जुन्या शैलीतले एक पोस्टर करून आणा' असा गृहपाठ उपयोजित कलेच्या विद्यार्थ्यांना आता सर्रास दिला जातो. कल्पना फार चांगली आहे. मात्र हाती येणारे काम पाहिले की एकच कृती पुन्हा पुन्हा दिसते. संगणकावर आजचेच पोस्टर करायचे, त्यावर पिवळट कागदाचा पोत चढवायचा, कडा फाटल्यासारख्या दाखवायच्या आणि एखादा 'रेट्रो' फॉन्ट लावायचा. फ्रेंच चित्रकार तुलूझ-लोत्रेकचे 'मुलाँ रूझ' या नाचगाण्याच्या जागेचे पोस्टर १८९१ साली पॅरिसच्या भिंतींवर लागले तेव्हा ते पिवळे नव्हते, कोरे करकरीत होते. त्याचे रूप कागदाच्या वयातून आले नाही. छपाईला दगड किती (तेव्हा प्रत्येक रंग वेगळ्या दगडावरून छापत), शाया किती, पाहणारा किती अंतरावर आणि किती घाईत, यांतून ते आले. विद्यार्थ्याला हे कळायचे असेल तर त्याच्या हातात शैली देण्याआधी त्या शैलीची बंधने द्यायला हवीत. नागपुरातल्या कला महाविद्यालयांनी, खासगी डिझाइन वर्गांनी आणि शाळांतल्या चित्रकला शिक्षकांनी हा अभ्यास कसा घ्यावा, याबद्दल थोडे तपशिलात लिहीत आहोत.

पहिली गोष्ट, सगळ्या शैलींना विषय एकच ठेवावा. विषय बदलत गेला तर दोन पोस्टरांतला फरक शैलीमुळे पडला की विषयामुळे, ते सांगता येत नाही. नागपूरसाठी उष्माघाताचा इशारा हा उत्तम विषय आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, संदेश सर्वांना ठाऊक असतो आणि दोन-तीन शब्दांत मावतो. नागपूरच्या मिरवणुकीतल्या मारबत पुतळ्यांचा मोह अनेकांना होईल; पण पिवळी आणि काळी मारबत ही मुळातच इतकी जोरकस चित्रे आहेत की विद्यार्थी पुतळ्याची नक्कल करतो आणि पोस्टर राहून जाते. ती शेवटच्या फेरीसाठी ठेवावी. आकार क्राउन, म्हणजे १५ × २० इंच घ्यावा. २० × ३० इंचांच्या डबल क्राउन कागदाचे दोन तुकडे होतात आणि काही वाया जात नाही.

दुसरी गोष्ट मापाची. विद्यार्थी ही पोस्टरे मोबाइलच्या पडद्यावर बघतात. लोत्रेकचे ते पोस्टर सुमारे १९० सेंमी उंच आहे, माणसापेक्षा मोठे. स्विस पोस्टरांचा ठरलेला आकार ९०.५ × १२८ सेंमी. काम सुरू करण्याआधी वर्गाच्या भिंतीवर ही मापे खडूने आखून घ्यावीत आणि पंधरा पावले मागे जाऊन बघावे. अक्षरे एवढी मोठी का आणि बारीक मजकूर एवढा कमी का, याचे उत्तर त्या खडूच्या चौकटीत सापडते.

आता दगडी छाप, म्हणजे लिथोग्राफी. १७९८च्या सुमारास बव्हेरियात अलोइस झेनेफेल्डरने शोधलेली ही पद्धत तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत एवढ्या एका गोष्टीवर उभी आहे. चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने काढायचे, दगड ओला करायचा. तेलकट जागा शाई धरते, ओली जागा नाकारते. मराठीला तिचा फार उपयोग झाला. देवनागरीचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरे, पाडायचे तर मात्रा आणि जोडाक्षरे धरून शेकडो तुकडे लागतात. दगडावर मात्र हाताने लिहिलेले अक्षर जसेच्या तसे उमटते. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत पंचांग छापले ते दगडावरच.

दगड आज हाताशी नसला तरी त्याची शिस्त पाळता येते. चारच रंग द्या: पिवळा, लाल, निळा, काळा. प्रत्येक रंगाचा थर वेगळ्या ट्रेसिंग कागदावर काढायला लावा, आणि प्रत्येक थर काळ्याच शाईने. निळ्याचा थर काळ्यात काढायचा म्हटले की विद्यार्थी गडबडतो, आणि शिकण्याची जागा नेमकी तीच आहे. नेहमीची चूक अशी होते की तो आधी काळी बाह्यरेषा काढतो आणि बाकीचे तीन रंग तिच्यात भरतो. मग पोस्टर लहान मुलांच्या रंगवायच्या पुस्तकासारखे दिसते. सुरुवात सर्वांत फिक्या रंगाच्या सर्वांत मोठ्या भागापासून करावी, काळा अगदी शेवटी आणि लागेल तेवढाच. पिवळ्यावर निळा चढला की हिरवा फुकट मिळतो, लालावर निळा चढला की जांभळट. चार छापांत सहा रंग कसे निघतात हे एकदा स्वतः केले की पॅरिसच्या ज्यूल शेरेची पोस्टरे मोजक्या दगडांत एवढी झगमगीत कशी, ते वेगळे सांगावे लागत नाही.

मधल्या छटांसाठी लोत्रेक शाईचे शिंतोडे वापरत असे. त्यासाठी जुना दातघासणीचा ब्रश आणि स्टीलची पट्टी पुरते. पोस्टर कलर दुधाइतका पातळ करावा, नको तो भाग कागदाने झाकावा, ब्रश कागदापासून वीस-पंचवीस सेंटिमीटरवर धरून पट्टीवर आपल्याकडे ओढावा. पहिला झटका नेहमी रद्दी कागदावर, कारण भरलेल्या ब्रशातून आधी मोठे थेंब पडतात. रंग जास्त पातळ असेल तर शिंतोडे एकमेकांत मिसळून डाग होतो. जास्त दाट असेल तर केसांना चिकटून राहतो, उडतच नाही.

यानंतर बर्लिन. ल्युसियन बर्नहार्डने १९०६च्या सुमारास प्रिस्टर आगकाड्यांसाठी केलेल्या पोस्टरात दोन काड्या आणि एक नाव, बस. पहिल्या कच्च्या चित्रात त्याने टेबल, सिगार, नर्तकी असे बरेच काही काढले होते आणि एकेक करून सगळे पुसत गेला, असे सांगतात. हा भाग घोटीव कागद कापूनच करवावा, रंग आणि ब्रश हाताला लागू देऊ नयेत. लंडनमध्ये १८९४ पासून प्राइड आणि निकल्सन ही जोडी 'बेगरस्टाफ' नावाने कापलेल्या कागदातूनच पोस्टरे रचत असे. कात्रीला बारकावे जमत नाहीत, म्हणून आकार आपोआप मोठे आणि सपाट होतात.

एक वस्तू, एक शब्द, तीन रंगांचे कागद. उष्माघातासाठी बहुतेक जण माठ निवडतील. नुसता माठ कापला की लांबून तो हंडी आहे, कुंडी आहे की चेंडू, ते कळत नाही. वर उपडा पेला ठेवला की लगेच माठ होतो. हा एक पेला शोधून काढायला विद्यार्थ्याला दोन तास लागले तरी लागू द्यावेत. काम व्हरांड्याच्या टोकाला, निदान वीस फुटांवर लावायचे आणि विषय माहीत नसलेल्या माणसाला दोन सेकंद दाखवायचे. वस्तू ओळखली नाही तर पुन्हा कात्री. चिकटवताना गोंदात पाणी घालू नये, घोटीव कागदाला सुरकुत्या पडतात आणि रंग उतरतो. फेव्हिकॉलचा पातळ हात फक्त कडेने द्यावा.

रशियन रचनावाद, म्हणजे क्रांतीनंतरच्या रशियातली भौमितिक आकारांची शैली, विद्यार्थ्यांचा आवडता, आणि सर्वांत जास्त फसणाराही. लाल आणि काळा घ्यायचा, सगळे तिरके करायचे, झाले! एल लिसित्स्कीचे १९१९-२० मधले लाल पाचरीचे पोस्टर रशियातल्या यादवी युद्धाच्या वेळचे आहे. पांढऱ्या वर्तुळात घुसणारा लाल त्रिकोण म्हणजे एका सैन्यावर दुसऱ्याचा हल्ला. तिरकेपणाला तिथे अर्थ आहे. म्हणून प्रत्येक तिरक्या रेषेपाशी 'ही कोणावर चालून जाते?' असे विचारावे. उत्तर नसेल तर ती रेषा सरळ करावी.

रॉडचेंकोचे १९२४ चे लेनगिझ प्रकाशनाचे पोस्टर तर सर्वांनी पाहिलेले असते. त्यात लिल्या ब्रिक ही स्त्री तोंडाशी हात धरून ओरडते आहे आणि 'पुस्तके' या अर्थाचा रशियन शब्द तिच्या तोंडातून कर्ण्यासारखा मोठा होत बाहेर पडतो. हेच देवनागरीत करायला घ्या, म्हणजे आपल्या लिपीचे शरीर कसे आहे ते कळते. रशियन मोठी अक्षरे वर-खाली दोनच रेषांत बसतात, म्हणून त्यांची पाचर स्वच्छ होते. देवनागरीला तीन मजले आहेत: शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, मध्ये अक्षर, खाली उकार. 'पाणी' लिहिले की वेलांटी पाचरीच्या वरच्या कडेतून बाहेर येते. तिला आत कोंबायला विद्यार्थी अक्षर खाली दाबतो आणि शब्दाचा जोर जातो. इथे दोन मार्ग आहेत. पाचरीची कड शिरोरेषेवरच ठेवायची आणि वेलांटी कड ओलांडून लाल भागात खुशाल जाऊ द्यायची. किंवा शब्दच असा शोधायचा की वरही काही नाही आणि खालीही नाही. 'सावध' हा तसा शब्द आहे. पण त्यातही एक खड्डा आहे. शिरोरेषेचीच तिरकी पट्टी होते हे कळल्यावर विद्यार्थी फुटपट्टीने एक सलग रेघ मारतो, ती 'ध'च्या डोक्यावरूनही जाते आणि 'सावध'चे 'सावघ' होते. 'ध' आणि 'भ' यांच्या डोक्यावर डावीकडे रेषा तुटलीच पाहिजे. मजकूर आधी लिहायचा आणि मग सजवायचा ही सवय या एका धड्यात सुटते. शब्दाची निवड हाच रचनेचा पहिला निर्णय असतो.

फोटो जोडण्यासाठी काळीपांढरी झेरॉक्स वापरावी आणि दोनदा झेरॉक्स करावी, म्हणजे मधले राखाडी उडून ठसठशीत काळे-पांढरे उरते. कापताना कटरचे पाते नवे घ्यावे. बोथट पाते कागदाच्या कडेला पांढरे तंतू सोडते आणि ते काळ्यावर लगेच दिसतात.

बाउहाउस या जर्मन कलाशाळेवर फार वेळ घालवू नये असे आमचे मत आहे. तिथल्या हर्बर्ट बायरने १९२५ मध्ये मोठी अक्षरे काढून टाकून एकाच लहान वर्णमालेचा आग्रह धरला. देवनागरीत लहान-मोठी लिपी नाहीच, त्यामुळे तो वाद आपल्याकडे लागू होत नाही. एकच प्रयोग करावा: कंपास आणि पट्टीने, वर्तुळ आणि सरळ रेषा एवढ्यांतून अक्षरे घडवायची. 'व', 'ब', 'ग', 'त' छान जमतात. 'ह', 'झ', 'ळ', 'क्ष' यांच्यापाशी भूमिती थांबते. का थांबते ते वहीत लिहून घ्यावे आणि पुढे जावे.

स्विस पद्धतीपाशी, म्हणजे मोजूनमापून आखणीवर (ग्रिडवर) केलेल्या मांडणीपाशी, मात्र थांबावे. योझेफ म्युलर-ब्रोकमनच्या १९५५ च्या बेथोव्हेन पोस्टरातले चाप डोळ्यांनी अंदाजे काढलेले नाहीत. वर्तुळाचे ३२ भाग, प्रत्येकी सव्वाअकरा अंशांचा, आणि चापांची जाडी दुपटीने वाढत जाते: १, २, ४, ८, १६, ३२. ते कंपासने पुन्हा रचून बघावे आणि मग त्याच गणितात तापमानाचा चढ मांडावा. फॉन्ट वापरण्याची परवानगी इथे पहिल्यांदा द्यावी, कारण त्या शैलीत अक्षरे तयार खिळ्यांची होती. हेल्व्हेटिका आणि युनिव्हर्स दोन्ही १९५७ चे. मराठीसाठी 'मुक्ता' किंवा 'पॉपिन्स'सारखा साधा फॉन्ट चालतो. संगणकात भाषेची निवड मराठी आहे का ते आधी पाहावे, नाहीतर काही फॉन्टांत 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात.

स्विस आखणी पुस्तकातून तशीच उचलली की हमखास एक घोटाळा होतो. रोमन अक्षरे खालच्या रेषेवर बसतात, म्हणून तिथली आखणी खालच्या रेषेवर बांधलेली असते. देवनागरी वरच्या रेषेला लटकते. आखणीच्या आडव्या रेषा शिरोरेषेवर यायला हव्यात, फोटोची वरची कडही शिरोरेषेशी जुळायला हवी. तसे केले नाही तर सगळे मापात असूनही पान कुठेतरी घसरल्यासारखे वाटते आणि कारण सापडत नाही. ओळींतले अंतरही वाढवावे. रोमनला १० पॉइंटवर १२ पुरतात. मराठीला १२ पॉइंटवर १८ ठेवावेत, कारण वरच्या ओळीतला 'द्धू' आणि खालच्या ओळीतला 'र्की' एकमेकांना भिडतात.

साठच्या दशकातली सॅन फ्रान्सिस्कोची रॉक संगीताच्या कार्यक्रमांची पोस्टरे याच्या अगदी उलट. व्हिक्टर मोस्कोसो येल विद्यापीठात रंगांचा अभ्यासक योझेफ आल्बर्सकडे रंग शिकला आणि तिथले नियम त्याने मुद्दाम उलटे फिरवले. नागपूरला इथे संत्रे कामी येते. नारिंगी आणि निळा समोरासमोर ठेवले की कडा थरथरतात, पण दोन्ही सारखेच गडद असतील तरच. तपासायचे सोपे साधन खिशात आहे: मोबाइलने कृष्णधवल फोटो काढा. दोन्ही रंग एकाच राखाडीत मिसळून गेले तर बरोबर. अक्षरे वेगळी दिसली तर एक रंग फिका किंवा गडद करा.

आता छपाई. वरीलपैकी निदान एक पोस्टर स्क्रीनवर, म्हणजे ताणलेल्या जाळीतून शाई दाबून, छापलेच पाहिजे. १५ चांगल्या प्रती हव्या असतील तर २५ कागद कापावेत, तीन रंगांत दहाएक वाया जातातच. सपाट रंगासाठी सेंटिमीटरला ७७ ते ९० धाग्यांची पॉलिएस्टर जाळी, कागदापासून स्क्रीनची उंची सुमारे ३ मिमी, फिका रंग आधी आणि गडद शेवटी. दोन रंग जिथे भेटतात तिथे गडद रंग फिक्यावर अर्धा ते एक मिलिमीटर चढवावा. काठाला काठ जुळवायला गेले की मध्ये पांढरी फट राहते.

नागपूरच्या हवेत तीन गोष्टी बिघडतात. पहिली इमल्शनची, म्हणजे जाळीवर चित्र उमटवण्यासाठी लावायच्या, उजेडाने कडक होणाऱ्या लेपाची. ते अंधारात, आडवे ठेवून, पंख्याखाली वाळवायचे असते. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ४० अंशांच्या वर गेले की ते उजेड न दाखवताच कडक होऊ लागते आणि धुताना चित्र उघडत नाही. म्हणून रात्री लावावे आणि दुसऱ्याच दिवशी वापरावे. उजेड उन्हाचा घेत असाल तर आधी चाचणी पट्टी करा: २०, ४०, ६०, ८०, १०० सेकंद. कमी पडले तर धुताना सगळे वाहून जाते, जास्त झाले तर बारीक रेषा बुजतात. चाचणी आणि खरे काम दिवसाच्या एकाच वेळी करावे. सकाळी नऊचे ऊन आणि बाराचे ऊन एक नव्हे.

दुसरी शाईची. पाण्याची शाई जाळीतच वाळते. तिसऱ्या-चौथ्या प्रतीपासून बारीक रेषा गायब होऊ लागल्या की समजावे. शाईत ५ टक्के रिटार्डर (शाई उशिरा वाळवणारे द्रव्य) घालावा, प्रत्येक छापानंतर स्क्वीजीने, म्हणजे शाई ओढायच्या रबरी पट्टीने, जाळीवर शाईचा थर पसरून ठेवावा आणि दोन प्रतींत अर्ध्या मिनिटाहून जास्त थांबू नये. काम सकाळी लवकर उरकावे.

तिसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: कूलर. कूलरची दमट हवा कागद पिऊन घेतो आणि फुगतो, कागदातल्या तंतूंच्या, म्हणजे धाग्याच्या, आडव्या दिशेने जास्त. पहिला रंग कूलर बंद असताना आणि दुसरा चालू असताना छापला तर एका टोकाला जुळलेले चित्र दुसऱ्या टोकाला सुटते. मग विद्यार्थी कागद जुळवण्यासाठी लावलेल्या कोन्याच्या पट्ट्या हलवत बसतो. दोष पट्ट्यांचा नसतोच. कागद आदल्या दिवशी त्याच खोलीत मोकळे ठेवावेत, सगळ्यांचा धागा एकाच दिशेला असावा आणि सगळे रंग एकाच हवेत छापावेत. पावसाळ्यात हेच.

गुण देताना फक्त शेवटची प्रत मागू नये. फसलेल्या प्रती, काळ्यात काढलेले थर, व्हरांड्यात नापास झालेला माठ, हे सगळे मागावे. प्रत्येक पोस्टरासोबत अर्ध्या पानाची नोंद असावी: रंग किती, मूळ छपाई कोणती, आपण काय वापरले, आणि त्या काळच्या कारागिराला जे करता आले नसते ते आपण कुठे केले. खाली छापल्याचे खरे वर्ष घालावे. अभ्यासासाठी केलेले पोस्टर जुने म्हणून फिरू लागले तर पुढच्या अभ्यासकाची फसगत होते.

पॅरिस, बर्लिन, मॉस्को, झ्युरिक एवढ्यावर हा अभ्यास थांबू नये. पुण्यात १८७८ मध्ये चित्रशाळा हा छापखाना सुरू झाला, १८९४ मध्ये रविवर्मांचा छापखाना मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे एकेका चित्राला अनेक दगड लागत. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात आपल्या चित्रपटांची पोस्टरे स्वतः केली. दीनानाथ दलालांची मुखपृष्ठे, कमल शेडग्यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली अक्षरे, हे तर आपल्या घराघरांत होते. शेडग्यांच्या अक्षरांवर एक सराव अवश्य घ्यावा: एका कॉलमची जागा, फक्त काळा रंग, राखाडी नाही, चित्र नाही, आणि नाटकाचा स्वभाव शब्दाच्या वळणातूनच कळला पाहिजे. आपल्या वृत्तपत्राच्या जुन्या फायली विद्यार्थ्यांना बघायला मिळाल्या तर या सरावाला त्याहून चांगले पुस्तक नाही. त्यासाठी आठवड्यातून एखादी दुपार आपण खुली करावी, अशी आपणास विनंती आहे.

आणखी एक विनंती शहरातल्या छापखान्यांना. महाल, इतवारी, सीताबर्डीत कोणाकडे पायाने चालणारे छपाईचे ट्रेडल मशीन अजून उभे असेल, लाकडी खिळ्यांची एखादी केस (खणांची पेटी) माळ्यावर पडली असेल, तर भंगारात देण्याआधी कला महाविद्यालयाला कळवावे. ते खिळे हाती आले की शिक्षकांनी आधी पाण्याने धुऊ नयेत, लाकूड फुगते आणि छापणारा पृष्ठभाग वाकतो. कापडावर थोडे रॉकेल घेऊन पुसावे, सावलीत वाळवावे, रबरी रोलरने शाईचा अगदी पातळ हात देऊन प्रत्येक अक्षराचा एकेक ठसा घ्यावा. कोणती अक्षरे आहेत, कोणती हरवली आहेत, याची यादी त्या ठशांवरूनच करावी. ओल येणार नाही अशा जागी ती केस पहिल्या पावसाच्या आधी हलवावी.

आपले,
उपयोजित कला शिकवणारे आणि स्क्रीन प्रिंटिंग करणारे काही जण,
नागपूर